आधी वाढवणारे, मग थांबवणारे इंजेक्शन

“डॉक्टर, इंजेक्शन घेतल्यापासून हाडं जास्तच दुखतायत. पुढचं घेऊ की नको?” प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइड सुरू झालेले रुग्ण असे विचारतात. याचे उत्तर या औषधाच्या इतिहासात आहे.

१९४१ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. त्यासाठी त्यांना १९६६चे नोबेल मिळाले. पण उपाय दोनच होते: वृषण काढणे, किंवा स्त्री-हार्मोनच्या गोळ्या. गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढत असे.

१९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूतून या हार्मोन्सना हुकूम देणारा रेणू शोधला: फक्त १० अमिनो आम्लांचा. रॉजर गिलेमिन मेंढ्यांच्या मेंदूवर तेच काम करत होते. दोघांना १९७७चे नोबेल मिळाले.

हा रेणू दिला की हार्मोन वाढणार, असे वाटले होते. पण १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवले की तो तासातासाने थोडा दिला तर पिट्युटरी ग्रंथी काम करते. सतत दिला तर गप्प बसते. दाराची बेल सारखी वाजत राहिली तर आपणही उठायचे सोडतो, तसेच. याच तत्त्वावरच्या ल्युप्रोलाइडला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणूनच पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि दुखणेही वाढू शकते. साधारण तीन-चार आठवड्यांत ते अगदी खाली येते. ही सुरुवातीची वाढ झाकायला अनेकदा सोबत गोळ्या देतात; त्या चुकवू नका. मात्र पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

एंडोमेट्रिऑसिस, गर्भाशयाच्या गाठी आणि फार लवकर वयात येणारी मुले यांच्यासाठीही हे औषध वापरतात. अंगातून वाफा येणे, कामेच्छा कमी होणे, वजन व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे दुष्परिणाम दिसतात. म्हणून चालणे, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि वेळच्या वेळी तपासण्या हव्यात.

दुखणे वाढले तर डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन मात्र स्वतःहून बंद करू नका.