अडकित्ता वापरायचा की ठेवायचा?

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे पाटावर विळी, कोयता, कात्री, खुरपं, ह्यांचा पाना असं सगळं धुऊनपुसून मांडलं होतं. मधोमध माझ्या माहेरचा पितळी अडकित्ता. आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून असा घासला होता की सोन्याचा वाटावा. हळदकुंकू वाहायला वाकले, तोच मागून आवाज आला, "आत्या, चिंच लावलीस याला? अगं, काय केलंस हे!"

हा माझा भाचा, दादाचा मुलगा. पुण्यात नोकरीला असतो. बऱ्याच वर्षांनी सणाला आमच्याकडे चौलला आला होता. त्याला चाकू जमवायचा नाद आहे. (घाबरू नका, नाद निरुपद्रवी आहे.) स्विस चाकू, जपानी चाकू, लाकडी मुठीचे घडीचे चाकू... पेटीत प्रत्येकाला वेगळा कप्पा, शेजारी दमट हवा शोषणाऱ्या पुड्या. त्यातल्या निम्म्या पात्यांनी आजवर साधं लिंबूसुद्धा कापलेलं नाही! अशा चाकूला जमवणाऱ्या मंडळींत 'सेफ क्वीन' म्हणतात म्हणे. तिजोरीतली राणी. एकदा धार लावली की किंमत उतरली.

"मग तिला चाकू कशाला म्हणायचं?" मी विचारलं.

"आत्या, यात दोन पक्ष आहेत. वापरणारे आणि ठेवणारे. भांडण जुनं आहे, तू पडू नकोस." असं म्हणून त्याने मला समजावलं की पितळेवर चढलेला काळसर थर हे त्या वस्तूचं वय असतं, तो घासला की वय पुसलं जातं. चाकू चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि पितळेला हिरवा कळंक चढतो, हेही त्यानेच सांगितलं. कळकणं म्हणजे काय ते पितळेच्या भांड्यात ताक ठेवू न देणाऱ्या आमच्या आईने शिकवलं होतं, पण म्यानाचं मला नवीन होतं.

त्या दिवशी विषय हसण्यावारी गेला. पण मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, तरी वस्तू वापरायची की जपायची हा प्रश्न नीट कधी मनात घेतला नव्हता. म्हणून हा लेख.

आधी अडकित्त्याविषयी. आताच्या मुलांनी तो बहुधा विज्ञानाच्या पुस्तकातच पाहिलेला असतो, दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं उदाहरण म्हणून. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बळ दुसऱ्या टोकाला. सुपारी जितकी सांध्याजवळ धराल तितका जोर कमी लागतो. आमच्या अडकित्त्याचे दोन्ही दांडे पितळेचे, वरच्याला पोलादी पातं बसवलेलं, आणि दोन्हीकडे एकेक राघू. मिटला की राघूंच्या चोची जुळतात. आजीच्या लग्नात आला म्हणतात, म्हणजे शंभरीच्या आसपासचा असावा.

कानडीत सुपारीला 'अडके' म्हणतात आणि सुरीला 'कत्ती'. म्हणजे आपला शब्द कुठून आला असावा याचा अंदाज येतोच. मल्याळममधला 'अडक्का' पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत 'अरेका' होऊन गेला. हे पोर्तुगीज काही लांबचे नव्हेत. आमच्या शेजारच्या रेवदंड्यात त्यांची तटबंदी अजून उभी आहे, १७४० मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ते इथेच होते. आमचं अष्टागर म्हणजे नारळी-पोफळींचा मुलूख. माझं माहेर श्रीवर्धन, म्हणजे रोठा सुपारीचं गाव. मोठी, आतून पांढरी आणि कातरायला मऊ असते ती. पेशव्यांचं भट घराणंही श्रीवर्धनचंच. पुढे पुण्याच्या दरबारात निरोपाचा विडा देताना बाळाजी विश्वनाथांच्या घरच्यांना गावची सुपारी आठवत असेल का, असं मला उगाचच वाटत आलंय.

विडा आणि सुपारी आपल्या भाषेत किती रुतून बसलीत पाहा. कामाचा विडा उचलायचा. तमाशाच्या फडाला, लग्नाच्या बँडला सुपारी द्यायची, म्हणजे ठरावाचा विसार. ही साधी सुपारी मुंबईच्या गुंडांनी पळवली आणि आता वर्तमानपत्रात 'सुपारी' वाचलं की खूनच डोळ्यांपुढे येतो. अडचणीत सापडलेला माणूसही अडकित्त्यातच सापडतो. असो, मराठीची बाई आहे, वाहवत जाते.

एकदा मी मुलांची सहल घेऊन पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपुरते ते थांबले नाहीत. दिवे, कुलपं, झारे, दौती, बायकांच्या फण्या आणि अडकित्तेसुद्धा गावोगाव हिंडून गोळा केले. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. तिथले अडकित्ते पाहताना मुलं हरखून गेली. स्त्रीपुरुषांच्या जोडीचे, पक्ष्यांचे, घोड्यांचे... सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, याने अजून सुपारी कातरते का?" मी म्हटलं, "कातरत असेल, पण कातरायची नाही." ती म्हणाली, "मग ते विसरले असतील." काय उत्तर देणार! पुढच्या दालनात चला म्हटलं.

अडकित्ते जमवणारे परदेशातही होते. कोलंबिया विद्यापीठातले सॅम्युएल आयलेनबर्ग हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. त्यांनी भारतातले आणि आग्नेय आशियातले इतके अडकित्ते जमवले की हेन्री ब्राउनरिग यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पोलंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाला सुपारीची गोडी कुठून असणार? त्याला आकाराचीच गोडी. मला यात काही वावगं वाटत नाही. असे लोक नसते तर कितीतरी पितळ मोडीत जाऊन भांड्यांत वितळलं असतं.

पण ठेवणाऱ्यांच्या पक्षाचं मला एक कोडं आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. लोक रांगा लावून गेले. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती म्युझियमला मिळाली आहेत, पण शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. त्यावरून आपल्याकडे वाद झाले. वाद कशाचा होता? ती कोरी आहेत की नाहीत याचा नव्हताच. ती *वापरली* का, त्या हाताने, त्या दिवशी, हाच सगळा प्रश्न. अगदी नवीकोरी, एकदाही बोटांत न चढलेली वाघनखं आहेत असं जाहीर केलं असतं तर साताऱ्याला कोण गेलं असतं?

पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना. पातं युरोपात घडवलेलं, म्हणजे आपल्या बोलीत फिरंग, त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव. परदेशी पातं बंदरातून यायचं आणि त्याला इथली मूठ चढायची, हा त्या काळचा रिवाज. मूठ बिघडली की दुसरी बसवायची. आज भाच्याच्या मंडळींत याला 'ओरिजिनल राहिलं नाही' म्हणतील. वापरणाऱ्याच्या घरी वस्तू अशीच जगते, तुकड्या-तुकड्याने बदलत. आमच्या अडकित्त्याचं पातंही एकदा बदललंय, आजोबांच्या वेळी.

एवढं सगळं मनात जुळवून मी भाच्याला रात्री ओटीवर पकडलं. म्हटलं, तुझं काही खरं नाही. आपल्या खाऱ्या हवेत पातं नुसतं ठेवलं तर पावसाळ्यात आठ दिवसांत तांबूस होतं, रोज हातात असलं तर लख्ख राहतं. कोकणात वापरणं हेच जपणं. शस्त्रालासुद्धा आपण वर्षातून एकच दिवस सुट्टी देतो, खंडेनवमीची. बाकीचे दिवस कामाचे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, काम कसलं, सुपारी कातरायचं ना?"

आणि माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले.

हा अडकित्ता दादाच्या हातातला. विशीपासून तो सुपारी खायचा. तंबाखू नाही, गुटखा नाही, नुसती घरच्या वाडीतली सुपारी, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. श्रीवर्धनच्या पडवीत सकाळ-संध्याकाळ कट् कट् आवाज. पुढे त्याचं तोंड उघडेना. तिखट सोसेना. डॉक्टर म्हणाले तीन बोटं उभी घालून दाखवा, तर दोनसुद्धा जाईनात. २००९ साली तो गेला, जबड्याच्या कर्करोगाने. तंबाखूशिवाय नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ मध्येच छापलं होतं. आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि पोचलं असतं तरी पोफळीच्या उत्पन्नावर ज्या घरातली मुलं शिकली, त्या घराने ते कितपत मानलं असतं, सांगता येत नाही. दिवसांनंतर वहिनीने हा अडकित्ता माझ्या पिशवीत टाकला. "वन्सं, हा तुम्ही न्या. माझ्या डोळ्यांसमोर नको." भाचा तेव्हा शिकायला बाहेर होता. त्याला वाटत होतं तो कुठेतरी मोडीत गेला.

त्याने अडकित्ता हातात घेतला आणि खालच्या दांड्यावर अंगठा ठेवला. तिथे पितळ झिजून जरासा खोलगट भाग झालाय, मी कधी नीट पाहिला नव्हता. "बाबांचा अंगठा इथे असायचा," तो म्हणाला. "तू चिंच लावून हेच घासतेयस."

मग कळलं की याचा पक्ष तिजोरीतल्या राणीचा नव्हता. त्याला किंमत नको होती, झीज हवी होती. मी सोळा वर्षं दर दसऱ्याला ती झीज वाढवत होते, आणि वर त्याला इतिहास शिकवत होते.

पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो काचेत ठेवावा, हेही मला पटेना. मी त्याला खरं काय ते सांगितलं. २००९ पासून या अडकित्त्याने मी एकही सुपारी कातरलेली नाही. पूजेला अख्खी लागते, तिला अडकित्ता लागत नाही. मी याने खारीक कातरते. माझ्या दोन्ही लेकींच्या बाळंतपणांत डिंकाच्या लाडवांची खारीक यानेच कातरली. मिक्सरमध्ये खारकेचं पातं मोडतं, हा मोडत नाही. तुझ्या बायकोला मागे लाडू पाठवले होते ना, तेही याचेच.

"त्या लाडवांचे?" तो म्हणाला आणि हसला. मग डोळे पुसले.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनची आमची वाडी दोन तासांत आडवी झाली. जुन्या पोफळी दीडेकशे होत्या, उभ्या राहिल्या नऊ. नव्या रोपांना फळ धरायला बरीच वर्षं लागतात. पुन्हा पोफळच लावायची की दुसरं काही, यावर भाच्याचा आणि त्याच्या चुलत भावाचा वाद अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही. भाच्याला मिरी आणि जायफळ लावायचं आहे, पण जायफळाला सावली लागते, आणि सावली द्यायला आधी पोफळच लागणार!

तूर्त ठरलं ते असं. अडकित्ता माझ्याकडे राहणार. माझ्यानंतर तो भाच्याकडे जाईल, लाडवांच्या कृतीसकट. चिंच बंद. पात्याला तेवढं खोबरेल तेलाचं बोट. भाच्याने पुण्याहून चाकूंचं खास तेल पाठवलंय, पण ज्याने खारीक कातरायची त्याला ते लावायला माझा हात होत नाही. बाटली फळीवर तशीच आहे, सील न फोडलेली.

एक अडचण मात्र आहे. सांध्याचा खिळा ढिला झालाय आणि राघूंच्या चोची आता नीट जुळत नाहीत. भाचा म्हणतो असू दे तसाच. मला तो पक्का करून हवाय, कारण मार्गशीर्षात धाकट्या भाचीचे दिवस भरताहेत. अलिबाग-रेवदंडा भागात असं पितळकाम हाताने ठोकून देणारा कोणी जुना कारागीर तुमच्या माहितीत असेल तर जरूर कळवा.