उष्मांकमोजणी (उजनी धरणकाठ)

उष्मांकमोजणी : खाल्लेल्या अन्नाच्या कॅलरी मोजून, खर्चापेक्षा कमी खाऊन वजन उतरवण्याची पद्धत. पिष्ट व प्रथिनांच्या ग्रॅममागे ४, स्निग्धाच्या ९ कॅलरी हा हिशेब ॲटवॉटर या अमेरिकी रसायनज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कामातून आला. तत्त्व खरे आहे. अडते ते मोजण्यापाशी.

माढा तालुक्यातले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. फुगवट्याकाठच्या कंदर, केत्तूर, वाशिंबे, कुगाव (ता. करमाळा) या पट्ट्यात ऊस आणि केळी वाढली, मोटर, पाइपलाइन, मोटरसायकल आली तशी पायपीट घटली. ताट मात्र जुन्याच मापाचे राहिले.

ते माप ग्रॅमचे नाही. परातीत पीठ मुठीने पडते. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे २०० कॅलरींची, नव्वद ग्रॅमची ३०० ची. म्हणजे ‘दोनच भाकरी खाल्ल्या’ या वाक्यातच दोनशेचा फरक लपतो. चिलापी माशाचे मांस हलके असते, पण तळताना तुकड्याने किती तेल प्यायले हे कढईलाच ठाऊक. शेंगाचटणी तर तोंडी लावणे, जेवणात धरतच नाहीत. वीस ग्रॅम चटणीच्या शंभराहून जास्त कॅलरी होतात. दोन चमचे साखरेचा चहा पाहुण्यांसोबत सहा वेळा झाला, तर साखरेच्याच अडीचशेच्या आसपास. घरची बाई सगळ्यांमागून, उरलेसुरले आटोपत जेवते. तिने काय तोलायचे?

ही गत फक्त खेड्याची नव्हे. न्यूयॉर्कमधील १९९२ च्या एका छोट्या अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपले खाणे जवळपास निम्मे कमी सांगितले होते. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणांची पद्धत गावोगाव पोचली, त्याचे एक कारण तिच्यात तराजू नाही. अर्थात, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी कोणतीही पद्धत डॉक्टरांना विचारूनच धरावी.

आठवडाभर मोजून पाहणे डोळे उघडते. वर्षभर मोजणे बहुतेकांना झेपत नाही. त्यापेक्षा तेलाचा डबा सोपा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी. ही मोजणी किराणा भरताना, महिन्यातून एकदाच करावी लागते.