टॉरिंग्टन चौकातील बिऱ्हाड

लंडनच्या वायव्य भागात विल्सडेन येथे ज्यू समाजाची एक जुनी दफनभूमी आहे. तेथील एका शिळेवर रोझलिंड फ्रँकलिन हे नाव कोरलेले आहे. ती कोणाची लेक हे त्यावर लिहिले आहे, 'शास्त्रज्ञ' एवढीच पदवी लिहिली आहे, आणि विषाणूंवरील तिच्या संशोधनाने मानवजातीचे चिरकाल हित केले आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. ज्या डीएनएच्या निमित्ताने तिचे नाव आज जगभर घेतले जाते, त्या डीएनएचा त्या शिळेवर उल्लेखसुद्धा नाही.

डीएनएची ती कथा आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. १९५१ च्या आरंभी रोझलिंड लंडनच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाली. तेथे तिने आणि रेमंड गॉस्लिंग या तिच्या विद्यार्थ्याने डीएनएच्या धाग्यांची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली. त्यांतले एकावन्न क्रमांकाचे छायाचित्र मे १९५२ मधले. पुढच्या जानेवारीत तिच्या माघारी ते केंब्रिजच्या जेम्स वॉटसनला दाखवण्यात आले. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा प्रसिद्ध लेख आला, आणि १९६२ साली वॉटसन, क्रिक व विल्किन्स या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोझलिंडला जाऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती.

अन्याय खराच, तो सांगितला पाहिजे. पण अन्यायाच्या कथेत एक खोट असते. ती माणसाला जन्माचा फिर्यादी करून ठेवते. त्याचे काय गेले एवढेच जगाच्या ध्यानात राहते. त्याने पुढे काय मिळवले, कोणाबरोबर मिळवले, हे कोणी विचारीत नाही. रोझलिंडच्या आयुष्याची शेवटची पाच वर्षे अशीच झाकली गेली आहेत. घरच्या माणसांनी मात्र शिळेवर नेमकी तीच पाच वर्षे कोरली. त्या वर्षांचीच ही हकिकत आहे.

मार्च १९५३ मध्ये तिने किंग्ज कॉलेज सोडले आणि जवळच असलेल्या बर्कबेक कॉलेजात ती आली. जाताना जुन्या विभागप्रमुखांनी तिला बजावले, की यापुढे न्यूक्लिइक आम्लांवर काम करू नये. त्यांचा विचारसुद्धा करू नये! विचार करू नका असे एखाद्या शास्त्रज्ञाला सांगणे म्हणजे वाहत्या पाण्याला थांब म्हणण्यासारखेच. पण तिने वाद घातला नाही. ती नव्या कामाला लागली.

बर्कबेक हे लंडन विद्यापीठातले एक आगळे कॉलेज. १८२३ साली कारागिरांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेतून ते वाढले. दिवसा पोटापाण्याचा उद्योग करावा आणि संध्याकाळी वर्गात येऊन बसावे, अशा विद्यार्थ्यांचे ते घर. आपल्याकडच्या रात्रशाळांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या जागेची हवा चटकन ओळखीची वाटेल. तेथील स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा टॉरिंग्टन चौकातील २१ आणि २२ क्रमांकांच्या जुन्या राहत्या घरांत थाटलेली होती. महायुद्धातील बाँबवर्षावाचे घाव त्या घरांनी अंगावर झेलले होते. क्ष-किरणांची यंत्रे तळघरात आणि रोझलिंडची खोली अगदी वरच्या मजल्यावर, पूर्वी जेथे मोलकरणी राहत त्या जागी. पाऊस आला की छप्पर गळे. पॅरिसच्या चांगल्या प्रयोगशाळेत चार वर्षे काढून आलेल्या, सुखवस्तू घरातल्या या मुलीने तेथे आपले बिऱ्हाड मांडले.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते जे. डी. बर्नाल, मोठे विद्वान, आणि मतांनी कट्टर साम्यवादी. त्यांनी तिच्या हाती जो विषय दिला तो तंबाखूच्या पानावरचा रोग.

आपल्याकडे भेंडीवर 'केवडा' पडतो. पान पिवळे होते, शिरा उमटतात, झाड खुरटते. हा केवडा एका विषाणूचा प्रताप आहे. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे पट्टे पाडणारा विषाणू निराळा. पण माणसाला विषाणू या वस्तूची पहिली ओळख झाली ती त्याच्याच मुळे. १८९२ साली रशियात इवानोव्स्कीने रोगट पानांचा रस अशा बारीक गाळणीतून गाळला, की जीतून कोणताही जंतू पार होऊ नये. तरीही गाळलेला रस निरोगी झाडाला बाधला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने ठासून सांगितले, की हा जंतू नव्हेच. हे काही वेगळेच प्रकरण आहे. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीने त्या विषाणूचे स्फटिक करून दाखवले. साखरेसारखे, मिठासारखे बरणीत भरून ठेवावे असे पदार्थाचे स्फटिक, आणि पानावर चोळले की रोग! हे सजीव म्हणावे की निर्जीव? पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी दाखवले, की हा पदार्थ नुसते प्रथिन नाही. त्यात थोडे न्यूक्लिइक आम्लही आहे. बर्नाल यांनी तेव्हाच त्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली होती. मग युद्ध आले आणि काम पडून राहिले.

आता गंमत पाहा. ज्या न्यूक्लिइक आम्लाचा विचारही करू नको असे तिला बजावले होते, ते या विषाणूच्या पोटातच बसलेले होते. तंबाखूच्या विषाणूत असते ते डीएनए नव्हे, त्याचे भावंड आरएनए. या विषाणूची कांडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड. एक मिलिमीटर लांबी भरायची तर अशा तीन हजारांहून अधिक कांड्या एकापुढे एक ठेवाव्या लागतील. एवढ्याशा कांडीत प्रथिन कसे रचले आहे आणि आरएनए नेमके कोठे दडले आहे, हा प्रश्न होता.

हे एकट्याचे काम नव्हते. रोझलिंडभोवती हळूहळू एक लहानसे कुटुंब जमले. पहिला आला ॲरन क्लूग. लिथुआनियात जन्मलेला, दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, गणितात आणि पदार्थविज्ञानात मुरलेला. त्याला त्या इमारतीत निराळेच काम नेमून दिले होते. पण तिची छायाचित्रे दृष्टीस पडली आणि तो विषाणूंचाच होऊन गेला. तिचा हात प्रयोगात बसलेला, याची बुद्धी सिद्धांतात चालणारी. १९५५ साली केनेथ होम्स आणि जॉन फिंच हे दोन तरुण विद्यार्थी म्हणून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठातून डोनाल्ड कॅस्पर आला. विषाणूची ही कांडी आतून पोकळ आहे, हे तो तेथूनच शोधून आला होता. किंग्ज कॉलेजात एकटी, तुटक म्हणून जिची ख्याती झाली होती, तीच बाई येथे चौघांची थोरली बहीण झाली. माणूस तेच, घर बदलले एवढेच!

कामाची रीत अशी. विषाणूचे दाट द्रावण केसासारख्या बारीक काचेच्या नळीत भरायचे, म्हणजे कांड्या एका दिशेने ओळीने बसतात. त्यावर तासन् तास क्ष-किरण सोडायचे. फिल्मवर काळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या जागा आणि गडदपणा मोजायचा, आणि त्यावरून गणिताने मूळ रचना ताडायची. भिंतीवर पडलेल्या सावलीवरून जाळीची नक्षी ओळखावी, तसाच हा प्रकार. फक्त आकडेमोड डोंगराएवढी.

या चिकाटीतून जे चित्र उभे राहिले, ते मक्याच्या कणसासारखे आहे. प्रथिनाचे सारखेच दाणे मळसूत्राच्या वळणाने पोकळीभोवती रचलेले. तीन फेऱ्यांत बरोबर ४९ दाणे, आणि सबंध कांडीत एकवीसशेच्या वर. मग आरएनए कोठे? मधल्या पोकळीत असेल, असा कोणाचाही पहिला तर्क. रोझलिंडने आरएनए असलेली कांडी आणि आरएनए काढून टाकून नुसत्या प्रथिनाची बनवलेली कांडी यांची छायाचित्रे ताडून पाहिली. १९५६ साली 'नेचर'मध्ये तिचा आणि कॅस्परचा असे दोन लेख एकाच वेळी आले, आणि त्यांतून उत्तर मिळाले. आरएनएचा धागा पोकळीत मोकळा लोंबत नाही. मध्यापासून चार नॅनोमीटर अंतरावर तो प्रथिनाच्या दाण्यांतच ओवलेला आहे. गजऱ्यातला दोरा फुलांनी झाकावा, तसा. त्याच सुमारास जर्मनीत सिद्ध झाले, की रोग होतो तो त्या धाग्यामुळे. प्रथिन हे त्याचे चिलखत. चिलखत कसे घडवले आहे, हे टॉरिंग्टन चौकात कळले.

हे सारे सुखासमाधानात झाले असे मात्र नाही. पैसा शेतकी संशोधन परिषदेकडून येई, आणि पद, पगार व अनुदान यांवरून तेथील अधिकाऱ्यांशी तिचे खटके उडत. तंबाखूच्या रोगावर एवढा खर्च कशाला, असे वाटणाऱ्यांना जीवनाच्या मुळाशी जाणारी वाट त्याच पानातून जाते हे पटवणे सोपे नव्हते. आपल्याबरोबरच्या मुलांची मुदत संपली तर त्यांचे काय होईल, याची काळजी तिला होती. अखेर १९५७ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून तिने तीन वर्षांचे अनुदान मिळवले. बिऱ्हाडाचा शिधा भरला गेला.

पण तोवर दुसरेच संकट घरात शिरले होते. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तिला पोटात त्रास जाणवू लागला. सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली. बीजाशयाचा कर्करोग निघाला. त्यानंतर तिला दीड वर्षाहून थोडे अधिक आयुष्य लाभले. त्या दीड वर्षात तिने काय केले? १९५६ मध्ये तिच्या गटाचे सात शोधनिबंध प्रसिद्ध झाले, १९५७ मध्ये सहा. तंबाखू पुरा झाला नव्हता तोच तिने पोलिओच्या विषाणूला हात घातला.

त्या दिवसांत पोलिओचा विषाणू म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. आपल्या पिढीने मात्र पाय लुळे पडलेली मुले गल्लोगल्ली पाहिली आहेत. भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २०१४ साल उजाडले. ती किमया लशीची आणि घरोघर फिरणाऱ्या हजारो हातांची. रोझलिंडच्या छायाचित्रांची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या शत्रूशी झुंजायचे, त्याचा चेहरा पाहण्याचे धाडस ज्यांनी आधी केले, त्यांत या बिऱ्हाडाची गणना करावीच लागेल.

१९५८ साली ब्रसेल्सला मोठे जागतिक प्रदर्शन भरायचे होते. तेथील विज्ञानदालनासाठी विषाणूची प्रतिकृती मांडावी, अशी मागणी तिच्याकडे आली होती. मग या मंडळींनी टेबल-टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या हँडलच्या प्लॅस्टिकच्या मुठी जमवून, डोळ्यांना कधी न दिसणारी ती वस्तू पुरुषभर उंचीची उभी केली. १६ एप्रिल १९५८ रोजी लंडनच्या इस्पितळात रोझलिंडने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्सचे प्रदर्शन उघडले.

तिचे मृत्युपत्र पाहावे. त्यात क्लूगच्या नावे ३,००० पौंड आणि आपली ऑस्टिन मोटारगाडी तिने ठेवली होती. तो बायकापोरांचा माणूस. नोकरी कायमची नाही. प्रयोगशाळेतल्या सोबत्याची चूल पेटती राहावी, हे मरणाच्या दारातही ती विसरली नाही. ज्यांनी तिचे वर्णन रुक्ष म्हणून केले, त्यांच्या पुस्तकांपेक्षा हा कागद अधिक बोलका आहे.

बिऱ्हाड मोडले नाही. फिंच आणि क्लूग यांनी पोलिओचे काम तडीस नेले आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेला तो निबंध तिच्या स्मृतीला वाहिला. १९६२ मध्ये ते केंब्रिजच्या नव्या प्रयोगशाळेत गेले. तेथे क्लूगने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सपाट चित्रांवरून वस्तूचा घनाकार उभा करण्याची युक्ती काढली. २०२० च्या आरंभी करोनाच्या काटेरी प्रथिनाचे जे चित्र काही आठवड्यांतच जगापुढे आले, ते याच वाटेने पुढे गेलेल्या शास्त्राचे फळ होते. आपण घरात कोंडून बसलो होतो, आणि एका गळक्या घरात सुरू झालेली विद्या आपल्यासाठी राबत होती!

१९८२ साली क्लूगला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉकहोमच्या व्याख्यानात त्याने रोझलिंडचे नाव घेतले. आपल्याला विषाणूंची वाट तिनेच दाखवली, आणि तिचे आयुष्य असे अकाली खुडले गेले नसते तर बहुधा आपल्याआधी तीच या जागी उभी राहिली असती, अशा अर्थाचे ते उद्गार होते. पारितोषिकाच्या सोन्यावर तिचे नाव कधीच आले नाही. पण ज्याच्या हाती ते सोने आले, त्याने ते कोणाच्या घरात कमावले हे भर सभेत सांगितले. गुरूचे ऋण याहून वेगळे कसे फेडतात?

प्रयोगशाळा म्हणजे यंत्रे नव्हेत, इमारतही नव्हे. एकाने उपसलेले कष्ट दुसऱ्याने पुढे न्यायचे, आणि तिसऱ्याने त्याची आठवण ठेवायची, असा तो संसार आहे. किंग्ज कॉलेजात रोझलिंडला हा संसार लाभला नाही, म्हणून तिचे कष्ट दुसऱ्यांच्या पदरी पडले. टॉरिंग्टन चौकात तो तिने स्वतः उभारला, म्हणून ती गेल्यावरही तो चालला. विल्सडेनच्या शिळेवर तिच्या माणसांनी गेलेल्याचा हिशेब मांडला नाही, उरलेल्याचा मांडला. त्यांचाच हिशेब बरोबर होता.