समासातले शेरे

वाचनालयाच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते. ती पाहुण्यांसाठी आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. ‘कार्य स्तुत्य आहे’ याच्या पुढं ती सहसा सरकत नाही. वाचक खरं काय बोलला, ते समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सापडतं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल होतो. पुस्तकात लिहिलं तर दंड, असा नियम. दंड घेतला, खोडरबर मात्र क्वचितच उचलला.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा. वरचं शिक्षण उर्दूतून, सभेला आधी परवानगी. परवानगीची ती सक्ती करणाऱ्या ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकुमाचं नाव म्हातारी माणसं शिवीसारखं घ्यायची. १९३७ साली संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होतं. अशा काळात मराठी पुस्तकांचं कपाट म्हणजे चार माणसांना बसून बोलायला निमित्त. परभणीत बी. रघुनाथ सरकारी कारकुनी सांभाळून कथा-कविता लिहीत होते. १९५३ साली, चाळिशीतच गेले. पुढं १९५५चा हैदराबादचा ग्रंथालय कायदा, १९६७चा महाराष्ट्राचा, आणि मग अनुदान, वर्ग, रजिस्टरं.

आमच्याकडं सर्वांत जास्त पेन्सिल झिजली ती वसंत शांताराम देसाईंच्या, गायक-नट बालगंधर्वांवरच्या पुस्तकावर. देसाई बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी नाटकं लिहिणारे, म्हणजे घरातलेच. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी ते रंगले, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ. तिच्याशेजारी कुणी ‘धन्य!’ लिहिलं होतं. त्याखाली बारीक, बाईच्या वळणाचं अक्षर: ‘आणि लक्ष्मीबाई?’ मुलीच्या आईची आठवण तेवढ्या एकीलाच झाली.

बालगंधर्वांच्या कर्जाच्या पानांवर हिशोबनीसांची गर्दी. उधळपट्टीला ‘काहून?’ असा एकाच शब्दाचा सवाल. खरी जुंपली ती गायिका गोहरबाईंवरून. १९५१ साली बालगंधर्वांचं त्यांच्याशी लग्न झालं, तिथं एकानं जात काढली, दुसऱ्यानं त्याला झापलं. मधेच उर्दू लिपीत एक ओळ. उर्दू शाळेत शिकलेल्या एका निवृत्त तलाठ्याकडून वाचून घेतली. अर्थ असा, की बाईचं गाणं आधी ऐका, मग बोला. तलाठी वाचताना गालात हसले. शेरा त्यांचाच असावा असा माझा संशय आहे.

पण ऐकायचं कुठं? समासात गाण्याविषयी जवळजवळ काहीच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ग्रामोफोन वकिलाच्या नाहीतर देशमुखाच्या वाड्यात. बालगंधर्व जुलै १९६७ मध्ये गेले, आणि परभणीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९६८ साली. आवाज नसला की चरित्रात उरतो तो फक्त नवरा, बाप आणि कर्जदार. आमच्या वाचकांनी त्या तिघांचा न्यायनिवाडा केला. रेडिओ घरोघरी झाल्यावर मात्र शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ उमटली: ‘काल ऐकले. परत वाचत आहे.’

पोरांचं तसं नव्हतं. त्यांना माणूस चांगला की वाईट याचं देणंघेणं नसे. गोष्ट चालते का, एवढंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. त्याचं ते ‘ट्टॉक’ दिसलं की पोरं त्यावर गोल करत. एकानं विचारलं होतं, ‘सायकल पंक्चर काहून होत नाही? आमच्या रस्त्यावर आण.’ त्याखाली तीन निरनिराळ्या अक्षरांत ‘बरोबर’. दुसऱ्या एका भागात शेवटाची पानं येण्याआधीच कुणीतरी चोराचं नाव लिहून ठेवलेलं. एवढं एक मी खोडलं.

पुढं पुस्तकं बांधणीला गेली. बांधणीवाला कडा सरळ करताना यंत्रावर बोटभर समास कापतो. ‘आणि लक्ष्मीबाई?’मधलं ‘आणि’ तेव्हाच गेलं.