घरांतील नवा अग्नि

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु चुलीलाही इतिहास आहे आणि दिव्यालाही आहे. माणसानें अग्नि घरांत आणला, तेव्हांपासून त्याच्याशीं वागण्याची एक शिस्तही त्यानें हळूहळू बसविली. आज जळगांव-धुळ्याकडील कित्येक घरांत विजेच्या दुचाकीबरोबर एक नवा अग्नि आला आहे. त्याला ज्योत नाहीं, धूर नाहीं, वास नाहीं. म्हणूनच त्याची शिस्त अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

खानदेशानें अग्नीचे धडे दोन ठिकाणीं घेतले. पहिलें ठिकाण घर. कंदिलांत तेल घालावयाचें तें दिवा विझवून. चिमणी अंथरुणाजवळ ठेवावयाची नाहीं. निजण्यापूर्वीं चुलींतले निखारे राखेनें झांकावयाचे. हे नियम पुस्तकांत नव्हते, घरांतील वडील बायकांच्या तोंडीं होते. दुसरें ठिकाण कापसाचें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाचा भाव एकदम चढला. पुढें जळगांव, धुळें या बाजूला जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांत राबलेला माणूस एक गोष्ट पक्की जाणतो. दाबलेल्या गांठींत ठिणगी शिरली, तर ती वरून दिसत नाहीं. आंतल्या आंत धुमसते, आणि विझली असें वाटल्यावरही पुन्हां पेट घेते.

आतां बॅटरीकडे वळूं. वीज सांठविण्याची युक्ति जुनी आहे. इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं पहिली बॅटरी केली, व फ्रान्समधील प्लान्ते यानें १८५९ सालीं शिशाची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी केली. वीज गांवोगांव पोंचण्यापूर्वीं खेड्यांतला रेडिओ बॅटरीवरच बोलत असे. शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. म्हणून ती मोकळ्या हवेंत भरावी लागते. पुष्कळ ई-रिक्षांत व कांहीं स्वस्त दुचाक्यांत अजूनही तीच असते.

लिथियमची बॅटरी निराळी. ती १९९१ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. थोड्या वजनांत पुष्कळ शक्ति, हा तिचा गुण. परंतु तिच्या सेलमध्यें ज्वालाग्राही द्रव असतो, आणि दोन ध्रुवांमधला पडदा कागदाहूनही पातळ असतो. बॅटरीला मार बसला, आंत पाणी शिरलें, भलत्या चार्जरनें ती प्रमाणाबाहेर भरली, किंवा फार तापली, तर हा पडदा निकामी होऊं शकतो. मग एक सेल तापतो, त्याच्या आंचेनें शेजारचा तापतो, व बघतां बघतां सगळी पेटी पेटते. कापसाच्या गांठीसारखीच ही आगही आंतून चालते, आणि विझल्यावर पुन्हां उठते.

२०२२ सालीं महाराष्ट्राला हें दुःखानें शिकावें लागलें. एप्रिलमध्यें नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका कंटेनरमधील ४० पैकीं २० विजेच्या दुचाक्या जळाल्या. सप्टेंबरांत वसईच्या एका घरांत, रात्रीं बैठकीच्या खोलींत भरावयास लावलेली बॅटरी पहाटे फुटली. तेथें निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला व कांहीं दिवसांनीं वारला. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. एआयएस १५६ हें सुधारलेलें मानक १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू झालें. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोंचतो. रात्रीं बॅटरी कोठें लावावयाची, हें घरच्या माणसांनींच ठरवावयाचें असतें.

तर नियम ऐका. निजण्याच्या खोलींत किंवा दाराच्या वाटेंत बॅटरी भरूं नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. माणसें जागीं असतांना ती भरावी, आणि भरली कीं काढून ठेवावी. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा, व तो अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला लावावा. एक्स्टेन्शनची वायर नको. आपल्याकडचा शेतकरी भाव चढेपर्यंत कापूस घरांतच भरून ठेवतो. त्या खोलींत तर बॅटरी मुळींच नेऊं नये. वैशाखांत भुसावळ-जळगांवचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; अशा उन्हांतून आलेली गाडी आधीं सावलींत निवूं द्यावी, मग भरावी. तापलेल्या पत्र्याखालीं बॅटरी ठेवूं नये. बरेच दिवस वापर नसेल, तर ती साधारण निम्मी भरून थंड व कोरड्या जागीं ठेवावी. फुगलेली, गळणारी किंवा आपटलेली बॅटरी पुन्हां भरूं नये; भंगारांतही टाकूं नये. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडे पोंचवावी.

ज्याला एकच खोली आहे त्यानें काय करावें, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यानें दिवसा, ओसरीवर किंवा अंगणांत, सावलीला व पावसाच्या आडोशाला बॅटरी भरावी; आणि चाळींतल्या बिऱ्हाडांनीं मिळून जिन्यापासून दूर एक सामाईक जागा करून घ्यावी. बॅटरींतून धूर निघाला, तर ती उचलण्याच्या भरीस पडूं नये. तो धूर विषारी असतो. माणसें बाहेर काढावीं, दार ओढून घ्यावें आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला कळवावें. तांब्या-दोन तांबे पाण्यानें ही आग आटोपत नाहीं. तिला भरपूर पाण्यानें थंड करावें लागतें.

विजेची गाडी स्वस्तांत चालते, धूर सोडीत नाहीं. ती अवश्य घ्यावी. चुलीला घाबरून कोणी उपाशी राहिलें नाहीं. मात्र दिवा मालवला का, निखारे झांकले का, असें जसें पूर्वीं घरोघर निजण्यापूर्वीं विचारीत, तसें आतां बॅटरी काढली का, हेंही रोज विचारलें जावें, एवढीच आपणां सर्वांस विनंति आहे.