तिथी नसलेली माणसं

ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढायचं, ही रीत आमच्या निमोण्याच्या मंडळींना सांगायला नको. वरवर ती सोय वाटते. पण एखाद्या घरातल्या सगळ्यांचीच तिथी हरवली असेल तर?

अशी घरं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाच वर्षं राहून गेली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. मग १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी पूर्वेकडची तीन लाखांहून जास्त माणसं आगगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडली. भूक, थंडी आणि टायफसने किती गेले, ते वाटेतच पुरले गेले. १९४२ मध्ये वाचलेल्यांपैकी काही इराणात पोचले आणि तिथून हिंदुस्थानात.

एप्रिल १९४० मध्ये हाकललेल्यांत अटक झालेल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं होती. त्याच सुमारास कातीन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. बायकोला नवरा गेल्याचं कळलंच नाही. मॉस्कोने हा गुन्हा १९९० पर्यंत जर्मनांच्या माथी मारला. याला वंशसंहार म्हणावं का, यावर आजही वाद आहे. पण ज्या आईने पोर रुळांकाठी बर्फात सोडलं, तिला त्या वादाचं काय?

मग देवाचं काय झालं? वळिवड्यात शाळा, दवाखाना होता, तसंच चर्चही होतं. जिथे देवाचं नाव घेणं धोक्याचं होतं तिथून आलेल्यांना मोठ्याने प्रार्थना करता येणं हीच मोकळीक असणार. सगळ्यांची श्रद्धा टिकली असेल असं मला म्हणवत नाही. पण कॅथलिकांत २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस असतो. थडगं नसलेल्या माणसासाठीही त्या दिवशी दिवा लावता येतो. सर्वपित्रीच ही! देवाने उत्तर दिलं नसेल, पण धर्माने निदान एक तारीख दिली.

युद्धानंतर त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. परतायला घर नाही, म्हणून बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीत कातीनचं खरं बोलायची सोय नव्हती. आठवण जपली ती या परदेशी गेलेल्यांनी. तिथे आठवणं म्हणजे खोट्याला नकार देणं होतं.

आणि वळिवड्याचं? पोल गेले आणि त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच. एका दुःखाने रिकामी केलेली जागा दुसऱ्या दुःखाने भरली.

कोल्हापुरात पोलिश कबरी आहेत, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. ती पोरं आज नव्वदीच्या आसपास असतील. ती गेल्यावर कोण आठवेल? मला वाटतं, ज्यांच्या मातीत ती माणसं निजली आहेत त्यांनी, म्हणजे आपणच. आपल्या मेलेल्यांना तर सगळेच पान वाढतात. परक्याच्या मेलेल्यासाठी एक पान वाढणं, यातच धर्माची खरी परीक्षा आहे.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईच्या दर्शनानंतर तिकडेही जाऊन या.