नवा संगणक, जुने प्लगइन

लग्नसराईच्या तोंडावर परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथील एखाद्या छायाचित्रकाराने नवा वेगवान लॅपटॉप घ्यावा आणि अल्बम सजविण्यासाठी वर्षानुवर्षे वापरलेले प्लगइन फोटोशॉपमध्ये दिसूच नये, असा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी संगणक बिघडलेला नसतो आणि प्लगइनही सदोष नसते. दोघांची यंत्रभाषा मात्र निराळी असते.

मूळ सॉफ्टवेअरला जादा सुविधा जोडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना एआरएम रचनेच्या प्रोसेसरला थेट समजत नाहीत. १९८५ मध्ये केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीत जन्मलेली ही रचना मोबाइलमुळे घरोघरी पोहोचली. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एम१’ प्रोसेसरचे संगणक बाजारात आणले, तर २०२४ च्या जूनपासून विंडोजवर चालणारे स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप मिळू लागले.

जुने सॉफ्टवेअर चालावे म्हणून ॲपलने ‘रोझेटा २’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘प्रिझम’ हे दुभाषे दिले आहेत. मग प्लगइनच का अडते? प्लगइन स्वतंत्रपणे चालत नाही. ते मूळ सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून काम करते. मॅकवर एकाच प्रक्रियेत दोन यंत्रभाषा नांदू शकत नाहीत. मार्च २०२१ मध्ये फोटोशॉपची एआरएम आवृत्ती आली, तेव्हा अनेक जुनी एक्स्टेन्शन तिच्यात चालेनाशी झाली. यावर उपाय म्हणजे ‘गेट इन्फो’मध्ये जाऊन मूळ सॉफ्टवेअरच रोझेटातून उघडणे. त्यामुळे वेग काहीसा घटतो, पण काम अडत नाही.

ड्रायव्हरची गोष्ट अधिक कठीण आहे. प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत हे दुभाषे पोहोचत नाहीत. त्यामुळे जुना प्रिंटर, सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक किंवा ई-निविदा भरताना लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांसाठी एआरएमचा ड्रायव्हर आहे की नाही, हे आधी पाहावे. डीटीपी व्यावसायिकांना एक दिलासा आहे. फॉन्टची फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, त्यामुळे केवळ प्रोसेसर बदलला म्हणून जुने मराठी फॉन्ट निकामी होत नाहीत. अडते ते टंकलेखनाचे सॉफ्टवेअर.

दुभाष्यावर कायम विसंबूनही चालणार नाही. पॉवरपीसीकडून इंटेलकडे जाताना २००६ मध्ये दिलेला पहिला रोझेटा ॲपलने २०११ मध्ये काढून टाकला. ‘रोझेटा २’ची सर्वसाधारण सोय मॅकओएस २७ पर्यंतच राहील, त्यानंतर ती काही जुन्या खेळांपुरती उरेल, असे कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केले.

म्हणून खरेदीपूर्वी आपण वापरत असलेल्या प्लगइनची व उपकरणांची यादी करावी. निर्मात्याच्या संकेतस्थळावर ‘ॲपल सिलिकॉन’ किंवा ‘विंडोज ऑन आर्म’ असा स्पष्ट उल्लेख शोधावा. तो नसेल तर इंटेल वा एएमडी प्रोसेसरचा विंडोज संगणक घेणेच शहाणपणाचे. आणि नवा संगणक घेतलाच, तर हंगाम संपेपर्यंत जुना विकू नये.